नवे इंजिन गार ठेवावे काय?

रेडिओ-लहरींनी दुरून चालवायचे छोटे ट्रक आता बहुतेक विजेवर चालतात. तरीही नायट्रो इंधनावर धावणाऱ्या, खऱ्या इंजिनाच्या ट्रकाची हौस असणारे विद्यार्थी बोरिवली-मुलुंडकडे अजून भेटतात. असा ट्रक नवा घरात आला की एक सल्ला हमखास मिळतो : "पहिल्या चार-पाच टाक्या हळू चालव आणि इंजिन मुळीच तापू देऊ नकोस." या सल्ल्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध मात्र, माझ्या मते, इंजिनाचे नुकसान करणारा आहे.

हा सल्ला मोठ्या गाड्यांकडून आलेला दिसतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात एके काळी पद्मिनी गाड्या तयार होत. त्या काळी नव्या गाडीच्या मागे 'रनिंग इन'ची पाटी लावत आणि मालक तिला जपून हाकत. त्या इंजिनांत दट्ट्याभोवती, म्हणजे पिस्टनभोवती, लोखंडी कड्या असतात. सिलिंडरशी घासून त्या नीट बसेपर्यंत त्यांना जास्त ताण व उष्णता सोसत नाही.

आपल्या ट्रकाच्या इंजिनात बहुधा कडीच नसते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दट्ट्या आणि आतून क्रोमियमचा मुलामा दिलेली पितळी नळी, एवढाच मामला. ही नळी वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. इंजिन थंड असताना चाक हाताने फिरवून पाहा. दट्ट्या वर पोचताच अडकल्यासारखा वाटेल. तो दोष नव्हे, मुद्दाम ठेवलेली रचना आहे. इंजिन तापले की नळी प्रसरण पावते आणि फट हवी तेवढी होते.

किती प्रसरण? रेषीय प्रसरणाचे गणित इथे उपयोगी पडते. पितळेचा प्रसरणांक सुमारे ०.००००१९ प्रति अंश सेल्सियस. नळीचा व्यास १६ मिलिमीटर आणि तापमानातली वाढ ८० अंश धरा. गुणाकार येतो सुमारे ०.०२४ मिलिमीटर. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! दट्ट्याही प्रसरण पावतो, पण त्याच्या मिश्रधातूत सिलिकॉन भरपूर असल्याने तो वाढीत नळीच्या पुढे जात नाही. इंजिन गार ठेवले तर ही जागा मोकळी होतच नाही आणि मिनिटाला हजारो वेळा दट्ट्या त्या अरुंद गळ्यात घासत राहतो. इंजिन रुळण्याऐवजी झिजते.

मग 'रिच' मिश्रण, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी, का ठेवायचे? कारण या इंजिनाला वेगळे वंगण नसते. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन यांच्या इंधनातच तेल मिसळलेले असते. इंधन जास्त तर तेलही जास्त. पण मिथेनॉलचे बाष्पीभवन होताना ते पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता शोषते. म्हणून मिश्रण फारच रिच केले की इंजिन गारठते. शिवाय पुस्तिकेतले सुईचे माप थंड देशातले असेल, तर आपल्याकडे ते आणखी रिच पडते : ५ अंशांच्या हवेपेक्षा ३२ अंशांच्या हवेत प्राणवायू सुमारे ९ टक्के कमी असतो. ते माप फक्त सुरुवातीसाठी घ्यावे. इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावे. नुसता बसून राहिला तर इंजिन गार. तीन-चार सेकंदांत आटला तर ठीक. पडताक्षणी तडतडून उडाला तर फार तापले. सुरू करण्यापूर्वी केस वाळवायच्या यंत्राने डोके कोमट करून घ्यावे, ते तर उत्तमच.

शाळेने असा ट्रक विकत घ्यावा, असे मी म्हणणार नाही. तो महाग आहे आणि आवाजही करतो. पण एखाद्या विद्यार्थ्याकडे असलाच, तर शिक्षकांनी पहिली टाकी मैदानावर आपल्यासमोर जाळायला सांगावी. इमारतीच्या आवारात नको, जिन्याखाली तर नकोच.

यामागे आवाजापेक्षा मोठे कारण आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ते विष मिथेनॉलच होते. अगदी थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. कातडीतूनही ते शरीरात शिरते. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. हे इंधन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवणे मला अक्षम्य वाटते, मग वर कितीही ठळक चिठ्ठी लावलेली असो. ते मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात असावे. पावसाळ्यात झाकण उघडे राहिले तर मिथेनॉल हवेतली वाफ शोषून घेते आणि इंजिन नीट चालत नाही, हा आणखी एक तोटा.

खेळ संपला की टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन इंजिनात जळू द्यावे. इंजिन गरम असतानाच चाक फिरवून दट्ट्या सर्वांत खाली आणून ठेवावा. वर राहिला तर नळी थंड होऊन आकसते आणि त्याला धरून बसते. चाकावर रंगाची खूण केली की दट्ट्याची जागा बाहेरूनच कळते.