हौस वेषांतराची

शाळेच्या स्नेहसंमेलनात भाजीवाली, पोस्टमन नाहीतर झाशीची राणी झालेली मुलं मोठी झाली की ती हौस बहुधा विसरून जातात. काहींची मात्र काही केल्या जात नाही. अशांसाठीच ‘कॉस्प्ले’ आहे. आवडत्या कॉमिकमधलं, चित्रपटातलं पात्र निवडायचं, त्याचा पोशाख स्वतः बनवायचा आणि तो घालून चाहत्यांच्या मेळाव्यात मिरवायचं!

याची सुरुवात एका शिवणकामातून झाली. १९३९ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. तिथे बावीस वर्षांचा फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातल्या माणसाच्या वेषात, खांद्यावर केप टाकून अवतरला. रस्त्यावरची पोरं ‘फ्लॅश गॉर्डन’ म्हणून ओरडत होती, असं तो पुढे सांगत असे. त्याचं नाव झालं. पण तो पोशाख शिवला होता त्याची मैत्रीण मर्टल डग्लस हिने. स्वतःसाठीही तिने तसाच एक शिवला होता आणि तो घालून ती बरोबर हजर होती. तिची आठवण मात्र लोकांना फार उशिरा झाली. शिवणाऱ्या हातांचं हे नेहमीचंच!

‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ जोडून ‘कॉस्प्ले’ हा शब्द घडवला तो जपानी लोकांनी, १९८० नंतरच्या दशकात. आपल्याकडे दिल्लीत २०११ साली पहिलं कॉमिक कॉन भरलं. पुढे मुंबई, बंगळुरू, हैदराबाद इथेही ते भरू लागलं.

खरी मजा तयारीत असते. लोखंडी दिसणारं चिलखत प्रत्यक्षात फोमच्या शीटचं असतं. कागदावर माप काढायचं, कापायचं, गरम हवेने वाकवायचं, डिंकाने जोडायचं आणि वर रंगाचे हात द्यायचे. यात महिनेच्या महिने जातात. एवढं करून शिरस्त्राण चढवलं की धड दिसत नाही, घाम पुसता येत नाही, आणि स्वच्छतागृहात जायचं म्हणजे तर दिव्यच. म्हणून अनुभवी मंडळी पाण्याची बाटली, सेफ्टी पिना आणि गोंद घेऊन एक मित्र सोबत ठेवतात.

अति हौसेचे किस्सेही आहेत. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या संमेलनात स्कॉट शॉ हा चित्रकार अंगभर पीनट बटर थापून स्पर्धेत उतरला. दिव्यांच्या उष्णतेने ते वितळलं आणि इतरांच्या पोशाखांना लागलं. तेव्हापासून पीनट बटरवर बंदी!

दुसरा नियम मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोशाख पाहून मुलींच्या अंगचटीला येणारे, न विचारता फोटो काढणारे महाभाग सगळीकडे भेटतात. २०१४ साली न्यूयॉर्क कॉमिक कॉनमध्ये ठळक फलकच लागले: वेष केला म्हणजे परवानगी दिली असं नव्हे. आपली मुलगी अशा मेळाव्याला निघाली, तर पोशाखावर टीका करण्यापेक्षा तिथे तक्रार कुठे करायची हे तिला ठाऊक आहे ना, एवढं विचारावं.

टोकियोच्या ‘कॉमिकेट’ मेळाव्याची शिस्त वेगळीच. तिथे वेष करून यायला मनाई आहे. साध्या कपड्यांत यायचं, आत कपडे बदलायच्या खोलीत राक्षस, राजकन्या, रोबो काय हवं ते व्हायचं, आणि संध्याकाळी पुन्हा साध्या कपड्यांत, बॅग घेऊन, घरची गाडी पकडायची.