वॉकिंग आतेन्री?

आपल्याकडे पूर्वी वाटेत कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. 'जेवण झालं का?' नाहीतर 'ऊटा आतेन्री?' आता टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर भल्या सकाळी गेलात तर दुसराच प्रश्न कानावर येतो, 'वॉकिंग आतेन्री?' प्रश्न बदलला हे चांगलंच झालं. पण मैदानाबाहेर लावलेल्या स्कूटर आणि मोटारी पाहिल्या की हसू येतं. चालायला येणारी बरीचशी मंडळी इथवर येतात ती गाडीवरूनच!

आमच्या शेजारचे काका त्यांतलेच. सकाळी तासभर नेमाने चालतात. मग मित्रांबरोबर पुरी-भाजी, चहा, आणि पुढे रात्री आठपर्यंत दुकानाची गादी. गल्लीच्या टोकाला जायचं झालं तरी स्कूटरला किक. काकू मात्र कधी मैदानावर गेल्या नाहीत. 'मी दिवसभर पायांवर उभीच असते, मला आणखी वेगळं वॉकिंग कशाला?' हे त्यांचं उत्तर. मागच्या महिन्यात दोघांनी सहज म्हणून रक्त तपासून घेतलं. साखर वाढलेली निघाली ती काकूंची. वजनही पाच वर्षांत बारा किलोंनी वाढलं होतं.

काकू खोटं बोलत नव्हत्या. पण उभं राहणं वेगळं आणि चालणं वेगळं. त्यांच्या सासूबाई आडावरून पाणी आणत, नदीवर धुणं नेत, भाजीला गणपत गल्लीपर्यंत पायी जाऊन येत. आता नळ घरात, मशीन घरात, भाजीवाला दारात. कष्ट कमी झाले ही आनंदाचीच गोष्ट. फक्त त्या कष्टांबरोबर पावलंही गेली, ती कुणी मोजली नाहीत.

हे एका घराचं दुखणं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे २३ जणींचं वजन प्रमाणाबाहेर होतं. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा ३० वर गेला. त्याच पाहणीत महाराष्ट्रात तो २३ च्या आसपास, तर गोव्यात ३६ होता. चालणं कमी होणं हे यामागचं एकमेव कारण नाही. तेल, साखर, मैदा, अपुरी झोप हेही आहेच. पण पावलांचा वाटा लहान नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये १११ देशांतल्या सात लाखांहून अधिक लोकांच्या मोबाईलमधली पावलं मोजली. हाँगकाँगचे लोक दिवसाला सरासरी ६,८८० पावलं चालत होते, तर भारतातले ४,२९७. पण त्यातला खरा धडा वेगळाच आहे. देशाची सरासरी किती, यापेक्षा भरपूर चालणारे आणि जेमतेम चालणारे यांच्यात अंतर किती, यावरून तिथल्या लठ्ठपणाचा अंदाज अधिक नेमका येत होता. आणि जिथे हे अंतर मोठं, तिथे मागे पडलेल्यांत बायकाच जास्त! आमच्या शेजारच्या घरासारखंच की हे. काका तासभर चालतात म्हणून काकूंची पावलं काही भरून निघत नाहीत.

मग किती चालायचं? 'रोज दहा हजार पावलं' असं जो तो सांगतो. म्हणजे साधारण सात किलोमीटर! ऐकूनच माणूस खुर्चीत बसतो. हा आकडा काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजण्याचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांनंतर मात्र फायदा फारसा वाढला नाही.

एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. नुसत्या चालण्याने वजन झरझर उतरत नाही. साठ किलोच्या माणसाने तासभर बऱ्यापैकी वेगाने चाललं तर दोनशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. पुरी-भाजीची एक प्लेट ते सगळं परत करते. 'ऊट बल्लवनिगे रोगविल्ला' असं कन्नडमध्ये म्हणतात ते उगाच नाही. पण चालण्याने पोटाचा घेर आटोक्यात राहतो, साखर ताब्यात राहते, वजन आणखी वाढायचं थांबतं. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावं. घरात शिवणाची टेप असतेच.

आणि चालायचं कधी, याचं उत्तर तर आपल्या आजीकडेच होतं. शतपावली! २०१३ मधल्या एका छोट्या अभ्यासात साठीपुढच्या माणसांना प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला लावलं. रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर त्याने जितकी आटोक्यात राहिली, तितकी सकाळी सलग पाऊण तास चालूनही राहिली नाही. शंभर पावलं मात्र कमी पडतील. दहा-पंधरा मिनिटं तरी हवीत. गुडघे दुखत असतील तर पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. छातीत दुखणं, धाप लागणं असेल किंवा साखरेची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

काकूंची खरी अडचण वेळेची नव्हती. 'रात्री बाई माणूस रस्त्यावर फिरतंय, लोक काय म्हणतील?' ही होती. शिवाय फूटपाथवर गाड्या, कोपऱ्यावर कुत्री. शेवटी त्यांची कन्नड माहेरची सूनच पुढे झाली. 'अत्ते, बर्री,' म्हणाली आणि चपला घालून उभी राहिली. आता मालिका संपली की दोघी गल्लीतून चार फेऱ्या मारतात. पहिले दोन दिवस ओट्यावरच्या बायकांनी विचारलं, 'एल्लिगे होंटीरी?' तिसऱ्या दिवशी त्यांतल्याच दोघी त्यांच्याबरोबर निघाल्या.

काकांची स्कूटर अजून दारात आहे. तिची किल्ली कुठे ठेवायची, हे आता काकू ठरवतात.