उमेदवार की स्थळ?

परभणीच्या वाट्याला एक म्हण आलेली आहे. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ बदलीवर येणारे अधिकारी ती हसत हसत ऐकवतात आणि आपल्याला राग येतो. येणारच. गाव न पाहताच त्यांनी गावाबद्दलचे मत पक्के केलेले असते. मग आपणही ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे सुनावून परतफेड करतो. हा राग रास्त आहे. पण न पाहता मत पक्के करण्याची तीच खोड निवडणूक आली की आपल्याला बिनदिक्कत चालते, त्याचे काय?

उमेदवार पाहण्याची आपली रीत थेट स्थळ पाहण्यासारखी आहे. जात कोणती, गाव कुठले, घराणे कसे, लग्न झाले का, झाले नसेल तर का नाही? कांदेपोह्यांची बशी तेवढी नसते. सोयरीक जुळवताना या चौकशा ठीक म्हणू. (त्याही कितपत ठीक, हा वेगळा विषय.) पण खासदार काही आपला जावई व्हायचा नसतो.

२०२४ ची लोकसभा निवडणूक आठवून पाहा. एका बाजूला सलग दोनदा निवडून आलेले संजय ऊर्फ बंडू जाधव, निशाणी मशाल. दुसऱ्या बाजूला महायुतीचे महादेव जानकर, निशाणी शिट्टी. जानकर मूळचे साताऱ्याच्या माण तालुक्यातले, धनगर समाजातले, अविवाहित. त्या दिवसांत एसटीत, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत मी जे ऐकले, त्यात पाणी, रेल्वे, पीकविमा हे शब्द क्वचितच होते. कोणी म्हणे ‘बाहेरचं पार्सल’, कोणी दोघांच्या जातीची मते बोटांवर मोजत बसलेला. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचे २०२३ मधले आंदोलन ताजे होते. मराठा आणि ओबीसी अशी रेघ पार चहाच्या टपरीपर्यंत ओढली गेली होती. जाधव १ लाख ३४ हजारांवर मतांनी निवडून आले. तो विजय निव्वळ पूर्वग्रहाचा होता, असे मी मुळीच म्हणणार नाही. सोयाबीनच्या भावाचा राग होता, आणि हाकेला धावणारा जवळचा माणूस ही जाधवांची जमेची बाजू होती. प्रश्न आपल्या गप्पांचा आहे. त्या गप्पांत उमेदवाराचे काम कुठे होते?

‘बाहेरचा’ या शब्दाचेच पाहा. परभणी मतदारसंघात परतूर आणि घनसावंगी येतात, आणि ते दोन्ही जालना जिल्ह्यात आहेत. एकूण मतदार २१ लाखांवर. घनसावंगीच्या शेतकऱ्याला गंगाखेडचा माणूस असा कितीसा घरचा असणार? पुण्याच्या मधू लिमये यांना बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथल्या मतदारांनी लोकसभेत पाठवले, याचा आपण मराठी माणसे मोठ्या अभिमानाने उल्लेख करतो. तिथे परका चालतो, इथे माणचा चालत नाही!

अविवाहितपणाचेही तसेच. अटलबिहारी वाजपेयी अविवाहित होते, तर तो त्याग ठरला. जानकरांच्या बाबतीत मात्र ‘ज्याला संसार नाही, त्याला संसाऱ्याचं दुखणं काय कळणार’ असा सवाल मी पंगतीत ऐकला. तेच बाईच्या बाबतीत असेल, तर काय काय बोलले जाईल ते इथे छापण्याजोगे नाही. म्हणजे मत आधी ठरते आणि कारण मागाहून शोधले जाते.

मतदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. डीपी जळाला की आठ-आठ दिवस विजेची वाट पाहायची, दाखल्यासाठी तहसिलात खेटे घालायचे, हा ज्याचा अनुभव, तो ‘आपला माणूस’ शोधणारच. ओळखीशिवाय काम होत नाही, आणि ओळख म्हणजे जात, गाव, पाव्हणेरावळे. त्याच्या लेखी तो एक प्रकारचा विमाच आहे. फक्त हप्ते भरूनही पैसे हाती पडत नाहीत, हे तो मनावर घेत नाही. आपल्याच जातीचा आमदार असलेल्या किती गावांत डीपी दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला?

आणि इतक्या चौकस मतदाराच्या नजरेतून निसटते तरी काय? २०१९ मध्ये गंगाखेडने रत्नाकर गुट्टे यांना ते तुरुंगात असताना आमदार केले. शेतकऱ्यांच्या नावे परस्पर पीककर्ज उचलल्याचा आरोप त्यांच्यावर होता. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, हे खरेच. पण आरोप शेतकऱ्यांच्या कर्जाचा आणि मतदारसंघ शेतकऱ्यांचा! २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपल्यावरील खटले, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रावर द्यावे लागते. ते कोणालाही वाचता येते. उमेदवाराच्या मामाचे गाव ठाऊक असलेल्या किती जणांनी ते वाचले असेल?

बायकांच्या बाबतीत स्थळ पाहण्याचा हा सोहळा दुप्पट रंगतो, कारण तिथे माहेर आणि सासर दोन्ही तपासायची असतात. जिंतूरने २०१९ आणि २०२४ मध्ये मेघना बोर्डीकर-साकोरे यांना निवडून दिले, २०२५ मध्ये त्या जिल्ह्याच्या पालकमंत्री झाल्या. तरी पारावर आजही पहिली ओळख निघते ती ‘बोर्डीकरांची लेक’ अशीच. त्या निदान स्वतःच्या नावाने ओळखल्या तरी जातात. खेड्यात पन्नास टक्के राखीव जागांवर उभ्या राहणाऱ्या बाईचे पोस्टर कधी नीट निरखून पाहा. तिचा फोटो कोपऱ्यात, डोक्यावर पदर घेतलेला, आणि मधोमध हात जोडून उभे असलेले गृहस्थ उमेदवार नसून उमेदवाराचे यजमान असतात.