आत्यालाही विचारा

स्तनाच्या कर्करोगावरचं संशोधन शिकणाऱ्या विद्यार्थिनीला जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग लवकरच भेटतात. एकाच घरातल्या इतक्या बायकांना हा आजार का, या प्रश्नाचा त्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये सतराव्या गुणसूत्रावर बीआरसीए-१ जनुकाची जागा दाखवली. या जनुकात आजाराचा धोका वाढवणारा दोष आहे का, हे पाहणाऱ्या चाचणीचा अहवाल मात्र नेहमी ‘दोष आहे’ किंवा ‘नाही’ इतका सरळ नसतो. कधी बदल सापडतो, पण तो घातक की निरुपद्रवी हे ठरत नाही. जगातली बरीचशी जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने ही अनिश्चितता आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला अधिक येते. हे मला फार अन्यायाचं वाटतं. म्हणूनच आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी या संशोधनात उतरावं. सुरुवात कुटुंबाच्या इतिहासापासून करावी, आणि आई-मावशीवर थांबू नये. हा जनुकदोष वडिलांकडूनही येतो, तरी आत्याच्या आजाराबद्दल अजून फारसं कुणी विचारत नाही.