डेटाबेसच्या धंद्यांत पुढें काय शिकावें?

आमचे डेटाबेसचें काम करणारे माजी विद्यार्थी विचारतात कीं, बढतीसाठीं आतां कोणती विद्या घ्यावी? क्लाउडचें प्रमाणपत्र, कीं २००९ सालीं निघालेलें मोंगोडीबी? आमच्या मतें, प्रथम गेलेली माहिती परत आणण्याची. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब कंपनींत एका कर्मचाऱ्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पांच व्यवस्थांपैकीं एकही भरंवशाची ठरली नाहीं. हातानें घेतलेली सहा तासांपूर्वींची नक्कल होती, म्हणून बाकीचें वांचलें. बॅकअप घेणारे पुष्कळ, तो उतरवून पाहणारा विरळा. आणि पगार वाढवून मागण्याचें धैर्य त्यालाच शोभतें! ही विद्या क्लाउडमध्येंहि लागते. पोस्टग्रेस फुकट मिळतें. घरच्या संगणकावर एक कोष्टक मुद्दाम पुसावें, व घड्याळ लावून पुन्हां उभें करावें.