ऑफिसातला पंखा कुणी काढला?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता पुण्यातल्या कुठल्याही आयटी पार्कमध्ये एक चक्कर मारा. बाहेर चाळिशीला टेकलेला पारा आणि आत हुडी घालून कोड लिहिणारी माणसं. कुणाच्या खुर्चीवर कायमची शाल टाकलेली, कुणी एसीच्या जाळीला पुठ्ठा चिकटवलेला. त्याच मजल्यावर काचेला लागून बसलेला एक जण मात्र घामाघूम होऊन फॅसिलिटीवाल्यांकडे तिकीट टाकतोय, ‘एसी वाढवा.’ मग एसी वाढतो, शालवाली अजून गारठते आणि काचेजवळचा तरीही उकडतोच.

याला आपण ‘कम्फर्ट’ म्हणतो. माझ्या मते हा चुकीच्या बांधलेल्या इमारतीचा बग आहे आणि एसी हा त्याच्यावर मारलेला महागडा पॅच आहे.

आधी २२ डिग्री हा आकडा बघू. माणसाला कधी बरं वाटतं, याचं गणित पोल ओले फँगर या डॅनिश शास्त्रज्ञाने मांडलं. १९७० साली त्याचं पुस्तक आलं आणि जगभरचे मापदंड त्यावर उभे राहिले. या गणितात सहा गोष्टी आहेत : हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-काचांमधून येणारी धग, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीर तयार करत असलेली उष्णता. म्हणजे आपल्या भाषेत, सहा इनपुट घेणारं फंक्शन. आपण त्यातले पाच हार्डकोड करून टाकले आणि उरलेल्या एका आकड्यावरून रिमोटची भांडणं करत बसलो.

हार्डकोड काय केलं तेही पाहा. मूळ प्रयोगांतली माणसं मुख्यतः अमेरिकेतले आणि डेन्मार्कमधले कॉलेजचे विद्यार्थी. कपड्यांच्या एककात एक अख्खा सूट म्हणजे साधारण १ ‘क्लो’, आणि आपला सुती शर्ट-पँट त्याच्या निम्म्याच्या आसपास. शरीराच्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषावरून घेतलेला. २०१५ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये दोन डच संशोधकांनी दाखवलं, की या आकड्यामुळे बायकांच्या शरीराची उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. तेव्हा शाल घेऊन बसणारी सहकारी ‘नाजूक’ आहे, हा विनोद आता बंद करूया. सिस्टिम तिच्यासाठी कधी टेस्टच झालेली नाही.

आता काचेजवळचा माणूस. त्याच्याभोवतीची हवाही २२ डिग्रीच आहे, मग तो का भाजतोय? कारण पश्चिमेची काच दुपारभर तापते आणि तिची धग थेट अंगावर येते. हवा गार करून ती धग थांबत नाही. आतून लावलेले ब्लाइंड्सही फारसे कामाचे नाहीत, कारण तोवर ऊन आत शिरलेलं असतं. ते बाहेरच अडवावं लागतं, छज्जाने, जाळीने, झाडाने. आपल्याकडच्या जुन्या घरांना पडवी असायची ती हौस म्हणून नव्हे. त्या घरांच्या आतल्या खोल्या अंधाऱ्या, कोंदट असायच्या हेही खरंच, त्यामुळे मागे जा असं मी म्हणत नाही. पण १८ अंश अक्षांशावरच्या गावात चारही बाजूंनी उघडी काच लावायची आणि मग तिच्याशी लढायला छतावर चिलर बसवायचे, यात आधुनिक काय आहे?

आपल्याकडे संशोधन नाही, अशी सबबही चालणार नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच शहरांतल्या १६ ऑफिस इमारतींमध्ये ६,३३० प्रतिसाद गोळा केले. खिडक्या उघडणाऱ्या इमारतींत, बाहेरच्या ऋतूनुसार, लोकांना १९.६ ते २८.५ डिग्रीपर्यंतचं तापमान ठीक वाटत होतं. फँगरचं गणित त्यांना जितकं उकडेल म्हणत होतं, तितकं उकडत नव्हतं. माधवी इंद्रगंटी यांनी हैदराबादच्या फ्लॅट्समध्ये उन्हाळ्यात पाहणी केली, तिथे तर हा आकडा २९ च्या आसपास आला. २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत असा भारतीय हिशोब आलाही. ऑफिसातला थर्मोस्टॅट तेवढा अजून परदेशात राहतो.

इथे एक धोका आहे. ‘भारतीयांना २९ डिग्री चालतं’ याचा अर्थ ‘गरिबांना सवय असते’ असा काढणारे लगेच भेटतील. त्यांना सांगायला हवं, की शरीर जुळवून घेतं ते हाताशी पर्याय असतील तेव्हा. खिडकी उघडता यावी, पंखा लावता यावा, कपडे बदलता यावेत, सावलीत सरकता यावं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांना पत्र्याच्या केबिनमध्ये, पॉलिस्टरच्या युनिफॉर्ममध्ये यातलं काहीच करता येत नाही. त्यांचं सहन करणं म्हणजे सवय नव्हे. वर आपला एसी उष्णता संपवत नाही, फक्त बाहेर फेकतो. एक युनिट वीज खाऊन तो साधारण तीन युनिट उष्णता आतून उचलतो आणि बाहेर चार टाकतो. त्या ‘बाहेर’मध्ये काका उभे असतात.

‘थंडी वाजली तर जॅकेट घालता येतं, उकडलं तर काय काढायचं?’ हा युक्तिवाद प्रत्येक ऑफिसात ऐकू येतो. उत्तर डोक्यावर असायला हवं होतं : पंखा. वारा फिरता असेल तर दोन-तीन डिग्री जास्त असूनही तितकंच बरं वाटतं आणि नवा बीएलडीसी पंखा जेमतेम ३० वॉट खातो. पण चकाचक ऑफिसांनी पंखे काढून टाकले, कारण पंखा म्हणजे सरकारी कचेरी आणि बंद काच म्हणजे कॉर्पोरेट. म्हणजे दिसण्यासाठी आपण हवेचा ताबा सोडला आणि बदल्यात हुडी मिळाली.

विकत घेतलेल्या एसीचं डिफॉल्ट तापमान २०२० पासून सरकारने २४ केलंय. ठीक आहे, पण सेंट्रल एसीच्या ऑफिसला आणि तापलेल्या स्लॅबला त्याने फरक पडत नाही. टॉप फ्लोअरच्या वन बीएचकेत राहणाऱ्यांना विचारा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत धग सोडत असतो. घराच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत आहे : चौरस मीटरला १५ वॉट. मी पाहिलेल्या एकाही ब्रोशरमध्ये हा आकडा नव्हता. स्विमिंग पूल मात्र सगळ्यांत होता.

तेव्हा रिमोटवरून आपापसांत भांडणं पुरे. पुढचं तिकीट टाकाल तेव्हा ‘एसी वाढवा’, ‘एसी कमी करा’ असं लिहू नका. पश्चिमेच्या काचेला बाहेरून सावली मागा, उघडणारी खिडकी मागा, पंखा आणि २६ डिग्री मागा, काकांच्या केबिनला छप्पर मागा. फ्लॅट बघायला जाल तेव्हा स्लॅबवर काय घातलंय आणि तो १५ चा आकडा किती आलाय, हे बिल्डरला विचारा. त्याला उत्तर देता आलं नाही, तर पुढची वीस वर्षं विजेचं बिल कोण भरणार आहे ते तुम्हाला कळलेलं असेल.