सायंकाळचा भोंगा आणि कायद्याचे मौन

सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. तेथे सन २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज सायंकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे, असे ग्रामपंचायतीने ठरविले. भोंगा मंदिरावर होता म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. विहारावर बसविला असता तरी आवाज तोच निघाला असता.

कोणी म्हणेल, ते खेडे आहे. आमच्या कल्याण-डोंबिवलीत ७ वाजता आईबाप लोकलमध्ये उभे असतात आणि घरी पोराच्या सोबतीला मोबाईलच असतो. ही अडचण खरी आहे. पण मग रात्री घरी आल्यावर त्याच पोराला आपण 'मनाचा दुबळा' म्हणून शिव्या घालतो, तो मात्र निव्वळ अन्याय होय. पोराच्या एका मनासमोर शेकडो पगारी तज्ज्ञ बसविलेले आहेत, याचा आपणांस विसर पडतो.

वर्तमानपत्राचे पान संपते. मोबाईलवरचे संपत नाही. न संपणाऱ्या पानाची ही युक्ती अझा रॅस्किन या अमेरिकन रचनाकाराने २००६ साली काढली व पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एक चित्रफीत संपण्याआधीच दुसरी सुरू होते, ती याच हेतूने. बोटाने पडदा खाली ओढावा, तर कधी काही मिळते, कधी नाही. मटका खेळणारा रोज जिंकतो म्हणून अड्ड्यावर जात नाही. कधीतरी लागतो म्हणून जातो. तेच तत्त्व येथे राबते, आणि आपले गेलेले तास जाहिरातदारांस विकले जातात.

आता कायदा पाहू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ११ अन्वये अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही, आणि असा करार मुळातच रद्दबातल होय, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बिबीच्या दाव्यात दिला. तरीही दहा वर्षांचे पोर 'मला मान्य आहे' या चौकटीवर बोट ठेवते आणि धंदा सुरू होतो! डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे कलम ९ मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास, काही अपवाद वगळता, मनाई करते; परंतु त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यात कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. ग्राहकांस फसविणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये निषिद्ध ठरविले. त्या यादीत न संपणारे पान नाही. ग्राहकाच्या खिशाची काळजी कायद्याने घेतली. त्याच्या वेळेबद्दल तो मौन आहे. गरिबाजवळ वेळेखेरीज दुसरे भांडवल ते कोणते? ही उणीव भरून काढण्याची मागणी आपल्या संघटनांनी आमदार-खासदारांकडे लेखी केली पाहिजे.

यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने २०२२ साली १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यासच बंदी केली. तो मार्ग मला पटत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, सर्व काही आज त्याच यंत्रावर येते. ते हातातून काढून घेणे म्हणजे आपल्याच मुलांना रांगेत मागे ढकलणे होय.

वडगावचा वेळ मात्र आपल्या सोयीने बदलून घेता येईल. कोळसेवाडीतील एखाद्या चाळीने किंवा ठाण्यातील एखाद्या वसाहतीने, लोकलमधून माणसे परतल्यावर, रात्री ९ ते १० हा तास ठरवावा. एका घराने एकट्याने ठरविल्यास पोर शेजारी जाऊन बसते, म्हणून ठराव सर्वांचा हवा. चित्रफिती आपोआप सुरू होण्याची सोय व सूचनांची घंटा मोबाईलमध्येच बंद करता येते. ते काम आजच करावे. आणि त्या तासात वडिलांचा मोबाईलही फळीवर असावा, कारण तो नसला तर ठराव दोन दिवसही टिकणार नाही.